एलीया

एलीया (हिब्रू: एलियाहू, अर्थ: ‘यहोवा माझा देव आहे’) हे इ.स.पू. ९व्या शतकात उत्तरेकडील इस्रायलच्या राज्यात होऊन गेलेले संदेष्टे होत. गिलाद प्रदेशातून आलेल्या एलीयांचे चरित्र बायबलमधील राजे या ग्रंथांत आले आहे. अहाब राजा व राणी ईजबेल यांनी प्रोत्साहन दिलेल्या बआल देवतेच्या उपासनेला त्यांनी विरोध केला. ग्रंथातील कथेनुसार, कर्मेल पर्वतावर त्यांनी बआलच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान दिले. त्यांच्या प्रार्थनेने वेदीवर अग्नी उतरला आणि पुढे दीर्घ अवर्षण संपले. द्राक्षमळ्यासाठी नाबोथाचा बळी घेतला गेला, तेव्हा त्यांनी राजाला तोंडावर दोषी ठरविले. अखेरीस शिष्य अलीशा यांच्या देखत ते वावटळीतून स्वर्गात गेले.

मसीहाच्या आगमनापूर्वी एलीया परततील, अशी ज्यू परंपरेची श्रद्धा आहे. म्हणून वल्हांडण सणाच्या भोजनात त्यांच्यासाठी द्राक्षासवाचा प्याला भरून ठेवतात. कुराणात त्यांचा उल्लेख इल्यास या नावाने येतो. कोकणातील बेने इस्रायल समाज मलिदा विधीत ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणून त्यांचे स्मरण करतो. अलिबागजवळील खंडाळा येथे ते प्रकट झाले होते, असे हा समाज मानतो.