प्रवेश मिळाला, पुढे काय?

गेल्या हिवाळ्यात बीड जिल्ह्यातील आष्टी येथे एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही व्याख्यानासाठी गेलो होतो. व्याख्यानाला अवकाश होता म्हणून प्रयोगशाळेत डोकावलो. अकरावीचे अनुमापन चालले होते. प्रत्येक टेबलावर मुलगे ब्युरेटची तोटी फिरवत होते आणि मुली वहीत आकडे उतरवून घेत होत्या. असे करा, असे कोणी सांगितले नव्हते; ते आपोआप घडत होते. आम्ही ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि मुलांना कमला भागवत यांची हकीकत सांगितली.

१९३३ सालची गोष्ट. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र घेऊन कमलाबाई पहिल्या आल्या. पुढे बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधन करायचे, असे त्यांनी ठरवले होते. तेथे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच : अर्जदार स्त्री होती. कमलाबाई मुंबईला परतल्या नाहीत. नकाराचे कारण विचारत त्यांनी सत्याग्रहच मांडला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष ‘परीक्षार्थ’ समजले जाईल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये! यांतली शेवटची अट कुठल्या पुरुष विद्यार्थ्याला घातली गेली असती का, हा प्रश्न आपण वर्गात जरूर विचारावा.

एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपल्यावर रामन यांचे समाधान झाले व प्रवेश नियमित झाला. १९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी घेऊन त्या केंब्रिजला गेल्या. तेथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स, म्हणजे जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य आढळले. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

सायटोक्रोम म्हणजे काय? उन्हाळ्यात टँकर आला की रांगेतले लोक हातोहात घागरी पुढे देतात, ते दृश्य आठवा. पेशी अन्नातील ऊर्जा एकदम मोकळी करत नाही. अन्नापासून मिळालेले इलेक्ट्रॉन अशाच एका रांगेतून पुढे सरकत शेवटी प्राणवायूपर्यंत पोचतात आणि वाटेत थोडी थोडी ऊर्जा मिळत जाते. सायटोक्रोम सी हा या रांगेतला एक हात. त्यातील लोहाचा अणू इलेक्ट्रॉन घेतो व पुढे देतो. प्राण्यांच्या पेशींत हे केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी दाखवले होते. वनस्पतीही याच रीतीने श्वसन करतात, हे कमलाबाईंच्या कामाने दिसले.

कमलाबाई १९३९ मध्ये भारतात परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केल्यानंतर, १९४७ च्या विवाहानंतर त्या कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांसह नीरा, कडधान्ये, तांदळाचे पीठ अशा गरिबांच्या आहारातील पदार्थांवर संशोधन केले. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या, परंतु त्या पदासाठी त्यांना काही वर्षे वाट पाहावी लागली. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

हकीकत संपली. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘‘सर, त्यांच्या घरी कोण शिकलेलं होतं?’’

प्रश्न नेमका होता. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि तेही त्याच बंगलोरच्या संस्थेतून शिकलेले. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. दुसरे उदाहरण ए. ललिता यांचे. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरी चार महिन्यांची मुलगी. तरीही १९४३ मध्ये त्या मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून विद्युत अभियंता झाल्या, कारण वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते व घराने मुलीला सांभाळले. उलट बाजूही पाहा. ॲना मणी यांनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या वर्णपटांवर काम करून १९४५ मध्ये प्रबंध सादर केला, एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. त्यांनी विज्ञान सोडले नाही. पुण्यात भारतीय हवामान खात्यासाठी त्यांनी हवामानाची उपकरणे देशातच तयार करण्याचे काम उभे केले.

तात्पर्य, जिद्द हवीच; पण जिद्द टिकायला मागे माणसेही लागतात.

कमलाबाई बंगलोरला गेल्या तेव्हा आष्टी निजामाच्या राज्यात होती. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ मध्ये. आज परिस्थिती बदलली आहे. पुण्यात १९९१ पासून मुलींचे स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. २०२४ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क शासन भरते. म्हणजे ‘स्त्री आहे’ म्हणून नाकारणारे दार आता उरलेले नाही. अडचण दारापर्यंत पोचण्याची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाले होते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले आईवडील उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा नेमक्या याच काळात, फेब्रुवारीच्या आसपास येतात. घर आणि धाकटी भावंडे मुलीवर असतात. नाहीतर तीही कोयता घेऊन फडात असते.

अशा घरात रसायनशास्त्रज्ञ वडील व काका कोठून येणार? ते काम शिक्षकालाच करावे लागेल. डिसेंबरात गैरहजर राहू लागलेल्या मुलीच्या घरी एक फेरी मारणे, बुडालेली प्रात्यक्षिके रविवारी करून घेणे, फॉर्मची तारीख तिच्यापर्यंत पोचवणे, या गोष्टींना वेगळे अनुदान लागत नाही.

आणि प्रयोगशाळेत? एक सोपा प्रयोग करा. बटाट्याच्या कच्च्या चकतीवर औषधाच्या दुकानातील सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाका (डोळे जपा). फेस येईल. उकडलेल्या चकतीवर येणार नाही, कारण उष्णतेने तेथील ‘कॅटलेज’ हे विकर निकामी झालेले असते. कॅटलेजमध्येही, सायटोक्रोमसारखाच, लोहाचा अणू असतो. मात्र या तासाला एक नियम पाळा : ड्रॉपर मुलींच्या हातात, वही मुलांच्या. पुढच्या तासाला अदलाबदल करा. आष्टीत त्या दिवशी आम्ही हेच केले. पहिले काही थेंब टेबलावर सांडले. चौथ्या थेंबाला हात स्थिर झाला होता.