आळीपाळीचा स्वयंपाक

आळीपाळीने कामे वाटून घेण्याची रीत आपल्याला मंडळ निघाल्यापासूनची वाटते. पण फ्रान्समधल्या शातियाँ या लहान गावच्या बायकांनी ती १६१७ सालीच घालून घेतली होती.

त्या वर्षी ऑगस्टातल्या एका रविवारी तिथले धर्मगुरू व्हिन्सेंट द पॉल उपासनेसाठी वस्त्रे घालीत होते. तोच निरोप आला की, गावाबाहेरच्या एका घरी सगळीच माणसे अंथरुणाला खिळली आहेत, एकमेकांचे करायला कुणी उरले नाही. त्यांनी ते चर्चमध्ये सांगितले. नंतर स्वतः निघाले, तर वाटेत बायकांची ही रीघ! जी ती काही खायला घेऊन चाललेली. आज एवढे अन्न नासणार आणि उद्या पुन्हा उपास, हे त्यांच्या ध्यानात आले.

तीनच दिवसांनी बायका जमल्या. रोज एकीने रांधून दुखणाइतांना पोचवायचे ठरले. त्याच साली लेखी नियम झाले. ताट कसे मांडावे, आजाऱ्याचे हात धुवावे, मांसाचे बारीक तुकडे करून द्यावे, सारे त्यात आहे. ज्याच्याजवळ कुणी आहे त्याला आधी वाढावे, एकट्याकडे शेवटी जावे, म्हणजे तिथे जास्त वेळ बसता येते. पुरुषमाणसाला हे सुचले याचेच मला नवल!

पुढे पॅरिसमध्ये मोठ्या घरच्या बायका आपल्याऐवजी मोलकरणी धाडू लागल्या. तेव्हा १६३३ साली लुईज द मारियाक या विधवा बाईंनी खेड्यातल्या काही मुली आपल्या घरी आणून त्यांना हे काम शिकवायला घेतले.