हजेरीपटापासून आधारच्या झेरॉक्सपर्यंत

माणसाची ओळख धंद्याच्या वहीत उतरवण्याची रीत बालाघाट जिल्ह्यात आधारपेक्षा कितीतरी जुनी आहे. भरवेलीसारख्या मँगनीज खाणीत १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे प्रत्येक कामगाराची नोंद ठेवावी लागे: नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, कामाचे स्वरूप, रुजू झाल्याची तारीख आणि शेजारी सही किंवा अंगठा. माहिती खासगीच होती, पण ती कशासाठी घ्यायची हे ठरलेले होते आणि त्या नोंदीचा उपयोग खाणीपुरताच होता. तिच्यावरून कामगाराच्या नावे परस्पर बँक खाते निघत नसे. ही हद्दच त्या माणसाचे खरे संरक्षण होती.

आधारने ती हद्द पुसली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले आधार क्रमांक वाटले गेले, ते गरिबाला सरकारी लाभ मिळावा म्हणून. २०१६ च्या कायद्यातल्या कलम ५७ ने खासगी कंपन्यांनाही वाट करून दिली. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाइल कंपन्यांना ग्राहकाच्या मर्जीने आधार घेण्याची मुभा परत मिळाली. लॉज आणि दुकानांतली झेरॉक्स मात्र यातल्या कुठल्याच निकालाची वाट पाहत थांबली नाही.

नुसत्या आकड्याने काय बिघडते, अंगठा तर आपलाच लागतो, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी २०१७ आठवावे. सिमच्या पडताळणीसाठी दिलेल्या आधारवर एअरटेलच्या पेमेंट्स बँकेत लाखो ग्राहकांची खाती निघाली, अनेकांचे गॅसचे अनुदान त्यांना पत्ताही न लागता तिथे वळले, आणि डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाला कंपनीची ई-केवायसी रोखावी लागली. अंगठा ग्राहकाचाच होता. तो दिला एका कामासाठी, वापरला गेला दुसऱ्यासाठी. लॉजवाल्याला पाहुण्याची ओळख पटवावी लागते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी पूर्ण क्रमांक कपाटात साठवायची गरज नाही. शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क्ड आधार पुरते. २७ मे २०२२ ला प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची प्रत वाटेल तिथे देऊ नका असे बजावले आणि दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. माझ्या मते मागे घेणेच चुकले.

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर आधार मागितले, तर कशासाठी ते विचारा, मास्क्ड प्रतच द्या आणि तिच्यावर काम व तारीख लिहून मगच सही करा.