द्राक्षारसाचे बूच : कुंडलिकेकाठचा एक छोटा इतिहास

द्राक्षांचा खरा हंगाम फाल्गुन-चैत्रातला. म्हणून नाताळचा द्राक्षारस कुणी उन्हाळ्यातच घालून ठेवतात, तर कुणी दिवाळीनंतर मनुकांवर भागवतात. माझी आतेबहीण दुसऱ्या पंथातली. लग्न होऊन ती रोह्याला आली. तिचे यजमान धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर कामाला होते. एका वर्षी नोव्हेंबरात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेला काचेचा मोठा कार्बॉय उभा होता. त्यात मनुका, साखर आणि पाणी होते. तोंडावर घट्ट मारलेले लाकडी बूच, वर फडक्याची गाठ आणि तिच्यावर पाटा.

"दादा, यंदा बरणी नाही, हा घेतला. भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळाला," ती कौतुकाने म्हणाली.

मी आधी पाटा काढायला लावला आणि मग विचारले, की या कार्बॉयमध्ये पूर्वी काय होते? ते तिला ठाऊक नव्हते. भंगारवाल्यालाही नसावे.

त्या दिवशी आम्ही तो सगळा रस ओतून टाकला. बहीण दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. परंतु त्या प्रसंगाने माझ्या मनात एक प्रश्न रुजला. आपण रसाविषयी पुष्कळ बोलतो. द्राक्षे कुठली, साखर किती, गहू घालावेत की नाही, यावर घराघरांत मतभेद आहेत. मात्र भांड्याच्या तोंडाला काय लावावे, याविषयी क्वचितच कुणी बोलते. वास्तविक द्राक्षारसाचा निम्मा इतिहास या तोंडाशीच घडलेला आहे, आणि त्यातील काही पाने आपल्या कुंडलिकेच्या काठावरची आहेत.

कुंडलिका धाटाव आणि रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. उत्तर काठी रेवदंडा आणि चौल, दक्षिण काठी कोर्लई. चौल हे बंदर फार जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणच्या दक्षिणेस 'सेमिल्ला' या पेठेचा उल्लेख येतो. ते चौल होय, असे अभ्यासक मानतात. त्याच ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाच्या यादीत द्राक्षारस आहे. इटलीचा अधिक पसंत, त्याखेरीज लाओदिकियाचा आणि अरबस्तानचा. हा रस ज्या उभट, दोन कानांच्या मातीच्या कुंभांतून येई, त्या अँफोरांची खापरे घारापुरीला आणि नेवाशाला सापडली आहेत. कुंभाला आतून डांबरासारख्या राळेचा लेप असे. तोंडात बूच किंवा भाजलेल्या मातीची चकती बसवून वरून चुना वा राळ थापीत. रोमन लेखक प्लिनी याने बुचाच्या सालीचे उपयोग नोंदवले आहेत. जहाजाच्या नांगराचे दोर, कोळ्यांची जाळी, पिंपांची बुचे आणि बायकांच्या हिवाळ्यातल्या चपला!

रोमन साम्राज्याच्या पडझडीनंतर युरोपच्या बऱ्याच भागांत बुचाचा वापर मागे पडला. पिंपाला लाकडी दट्ट्या, त्याला तागाचे फडके, कुठे रसावर तेलाचा थर, अशी तात्पुरती व्यवस्था कित्येक शतके चालली. बूच पुन्हा मानाने आले ते सतराव्या शतकात, इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत जाड काचेच्या मजबूत बाटल्या होऊ लागल्या तेव्हा. शॅम्पेनच्या प्रांतातील ओव्हिलेर मठाचे भांडारी दों पेरिन्यों (१६३८-१७१५) यांनी बुडबुड्यांच्या द्राक्षारसाचा शोध लावला, असे आपण ऐकत आलो आहोत. या कथेचा मोठा भाग १८२१ मध्ये त्याच मठातील एका संन्याशाने लिहिलेल्या पत्रातून पसरला. प्रत्यक्षात हे मठवासी बुडबुडे टाळण्याच्याच खटपटीत असत, कारण वसंतात रस पुन्हा आंबू लागला की तळघरातील बाटल्या फुटत. साखर घालून मुद्दाम बुडबुडे आणण्याची इंग्रजांची रीत ख्रिस्तोफर मेरेट या वैद्याने १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचून दाखवली होती. आपल्या मठवासीयांचे श्रेय थोडे कमी झाले म्हणून वाईट वाटायचे कारण नाही. तळघर स्वच्छ ठेवणे आणि द्राक्षांची पारख करणे हे त्यांचे खरे काम होते, आणि ते त्यांनी चोख केले.

बुचाचे ओक वृक्ष सर्वांत जास्त आहेत पोर्तुगालात. जगातले जवळपास निम्मे बूच आजही तिथूनच येते. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाले की पहिल्यांदा साल काढतात आणि पुढे दर नऊ वर्षांनी. त्याच पोर्तुगालची माणसे १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने चौलला किल्ला बांधू लागली, १५९४ मध्ये त्यांनी कोर्लईचा डोंगरी किल्ला जिंकला आणि १७४० मध्ये हा सारा टापू मराठ्यांच्या स्वाधीन केला. जाताना ते कोर्लईत आपली भाषा ठेवून गेले; तेथील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज वळणाची 'नॉ लिंग' आजही बोलतात. आपल्या मराठीलाही त्यांनी एक शब्द दिला, तो म्हणजे 'पिंप'. मूळ 'पीपा', द्राक्षारसाचे मोठे लाकडी पीप. आज धाटावच्या कोणत्याही फाटकाबाहेर निळी प्लॅस्टिकची पिंपे रचलेली दिसतात. त्या शब्दाच्या पोटात मुळात द्राक्षारस होता, हे कुणाच्या ध्यानीही येत नाही.

परदेशी बुचाची वाट पाहत आपला देश मात्र थांबला नव्हता. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे हीसुद्धा आंबवूनच होतात. धायटीची फुले त्यांत विरजणासारखी पडतात, आणि ही धायटी सह्याद्रीच्या उतारांवर भरपूर आहे. घट थोडा रिकामा ठेवून त्याच्या तोंडाशी झाकण बसवायचे आणि मातीने माखलेल्या कापडाने सांधा लिंपायचा, ही त्याची रीत. घटाला कान लावून आतला आवाज थांबला का हे पाहायचे, किंवा तोंडाशी पेटती काडी धरायची. विझली तर आत अजून वायू निर्माण होत आहे. आमच्या आजीही हेच करीत. फक्त त्यांची बरणी चिनी मातीची आणि तोंडावर दादरा. दादऱ्यातून वायू बाहेर जाई, चिलट आत येत नसे. आजींना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण बरणी कधी घट्ट बंद करायची नाही, हे पक्के ठाऊक होते.

हे का, याचा उलगडा होण्यास फार काळ गेला. साखर आंबताना तिचे जवळपास निम्मे वजन मद्यार्क होते आणि उरलेले निम्मे कर्बवायू. १८१५ मध्ये गे-ल्युसॅक यांनी हे समीकरण मांडले. एक किलो साखरेतून अडीचशे लिटरहून अधिक वायू निघतो. पाच लिटरच्या बरणीत एवढा वायू कोंडला तर काय होईल, हे सांगायला नको. पवित्र शास्त्रातील नव्या रसाचे आणि जुन्या बुधल्यांचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. त्याहूनही नेमका दृष्टान्त ईयोबाच्या पुस्तकात येतो: बोलण्यावाचून राहवेना तेव्हा अलीहू आपल्या पोटाची तुलना वाट न ठेवलेल्या, फुटायला आलेल्या द्राक्षारसाच्या बुधल्याशी करतो. घरी रस घालणाऱ्या माणसाखेरीज कुणाला ही उपमा सुचली नसती.

आता दुसरी बाजू. वायू बाहेर गेलाच पाहिजे, पण बाहेरची हवा आत आली तर रस आंबट होतो. लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेला काचेचा चंबू वापरून दाखवून दिले, की हवेला वाट मोकळी असली तरी धूळ आणि जंतू त्या वळणावरच अडकतात. पुढे १८६४ मध्ये त्यांनी शिरक्याचे जंतू तपासले आणि १८६६ मध्ये द्राक्षारसाच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. आज घरगुती द्राक्षारसाला जो एअरलॉक लावतात, त्यात हे वळण आहे. फक्त त्यात थोडे पाणी घातलेले असते. आतला वायू बुडबुड्याने पाणी ओलांडून बाहेर जातो, बाहेरची हवा पाण्यापाशी थांबते. आपल्यासाठी ही बाब केवळ चवीची नाही. मिस्सासाठी लागणारा द्राक्षारस द्राक्षांचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असला पाहिजे, असे १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ९२४ वे कलम सांगते. शिरका झालेला रस वेदीवर चालत नाही. मनुकांचा किंवा जांभळाचा घरचा रस नाताळच्या टेबलासाठी आहे, वेदीसाठी नव्हे, हेही येथे सांगून टाकतो.

एअरलॉक मुख्यतः दोन आकारांचे येतात. इंग्रजी 'एस'सारखी वळलेली, फुगे असलेली एकसंध नळी. आणि तीन सुट्या भागांचा उभा डबा. पहिलीत वायू कोणत्या दिशेने जातो ते स्पष्ट दिसते आणि थंडीत रस आकसला तरी पाणी सहसा आत ओढले जात नाही. पण फेस वर चढून नळीत सुकला तर ती साफ होत नाही. दुसरा सहज उघडून धुता येतो. पहिले आठ-दहा दिवस रस जोरात उसळतो, तेव्हा मी तोच लावतो. खरे तर पहिले चार दिवस दादराच पुरे, कारण आरंभी यीस्टला थोडी हवा लागते. कोकणच्या उन्हाळ्यात नळीतले पाणी चटकन आटते, याकडे आठवड्यातून एकदा पाहिलेच पाहिजे. हे काहीच मिळाले नाही, तर बुचातून बारीक नवी नळी काढून तिचे टोक पाण्याच्या ग्लासात बुडवावे. काम तेच होते.

बुचाच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. सालीचे बूच बाटलीसाठी उत्तम, पण आंबवण्याच्या भांड्यासाठी नको. त्याच्या छिद्रांत जंतू राहतात आणि पावसाळी हवेत त्याला बुरशी येते. (याच छिद्रांकडे सूक्ष्मदर्शकातून पाहून रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये 'सेल' हा शब्द जीवशास्त्रात आणला.) आपल्याकडे ज्या झाडाला बुचाचे झाड म्हणतात, त्या आकाशनिंबाची साल पूर्वी बुचाऐवजी वापरीत, ती त्याहूनही हलकी प्रत. लाकडी दट्ट्या ओला झाला की फुगतो आणि काच तडकवतो. रबराचे बूच चालते, परंतु नवे असताना वास देते. खाद्यपदार्थांसाठीचे सिलिकॉनचे, मध्ये भोक असलेले, खाली निमुळते बूच सर्वांत बरे. ते अर्धे ते दोनतृतीयांश आत बसावे; पूर्ण आत गेले तर लहान, वरच राहिले तर मोठे. बूच आणि काच दोन्ही कोरडी करून बसवावीत, नाहीतर ते सारखे वर सरकते.

आणि भांडे नवे असावे. रसायनांच्या कारखान्यातून निघालेला कार्बॉय किंवा पिंप कितीही धुतले तरी द्राक्षारसासाठीच काय, पाण्यासाठीही वापरू नये. प्लॅस्टिक आतले रसायन शोषून घेते आणि मद्यार्क ते पुन्हा बाहेर काढतो. काच शोषत नाही हे खरे, पण त्यात काय होते हे माहीत नसेल तर किती धुतले म्हणजे पुरे, हे कोण सांगणार?

कायद्याचा भाग टाळून चालणार नाही. रोहे ज्या कुलाबा जिल्ह्यात होते, त्या जिल्ह्यात आणि ठाण्यात इंग्रज सरकारने १८९२ मध्ये मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले होते. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची त्यात वेगळी तरतूद आहे. इतर मद्य परवान्याशिवाय बनवणे हा त्याप्रमाणे गुन्हा आहे. घरोघरची नाताळची बरणी या कलमांच्या सावलीतच चालत आली आहे, आणि म्हणूनच कदाचित तिच्याविषयी कुणी फारसे लिहून ठेवले नाही.

पुढच्या नोव्हेंबरात बहिणीचा फोन आला. पाच लिटरची नवी काचेची बरणी, सिलिकॉनचे बूच आणि वर तीन तुकड्यांचा एअरलॉक.

"दादा, मिनिटाला अठरा बुडबुडे येतात," ती म्हणाली. "झाकण घट्ट करू का?"

"मुळीच नको," मी म्हटले. "दहा दिवसांनी पुन्हा मोज आणि मला सांग."

दहा दिवसांनी चार येत होते.