आफ्रिकेतील विद्यापीठीय शिक्षण आणि नेतृत्वनिर्मिती : फोर्ट हेअर ते अशेसी

प्रस्तावना :

समाजाला नेते कोठून मिळतात, हा इतिहासाच्या अभ्यासकांपुढील जुना प्रश्न आहे. आफ्रिका खंडाच्या संदर्भात तो विशेष महत्त्वाचा ठरतो. वसाहतकाळात तेथे जी महाविद्यालये निघाली त्यांच्याकडून राज्यकर्त्यांची अपेक्षा मर्यादित होती. धर्मोपदेशक, शिक्षक, कारकून आणि दुय्यम अधिकारी तयार व्हावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात याच संस्थांमधून वसाहतवादाला व वर्णद्वेषाला आव्हान देणारी पिढी घडली. याउलट एकविसाव्या शतकाच्या आरंभी नेतृत्व आणि उद्योजकता हीच उघड उद्दिष्टे मानून काही नवी विद्यापीठे स्थापन झाली. नेतृत्व अभ्यासक्रमातून घडते की विद्यार्थ्याला मिळणाऱ्या जबाबदारीतून, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत निबंधात या दोन टप्प्यांचा परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका :

पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनमधील फ्रीटाऊन येथे इ.स. १८२७ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने फूरा बे महाविद्यालयाची स्थापना केली. गुलामांच्या जहाजावरून मुक्त झालेले सॅम्युअल अजायी क्राउदर हे तेथील पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होत. १८६४ मध्ये ते अँग्लिकन पंथाचे पहिले आफ्रिकी बिशप झाले. १८७६ मध्ये हे महाविद्यालय इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाशी संलग्न झाले. पदवी बाहेरच्या विद्यापीठाची आणि विद्यार्थी स्थानिक, ही पद्धत पुढे दीर्घकाळ रूढ राहिली.

फोर्ट हेअर : स्थापना व स्वरूप :

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातील ॲलिस या गावी १९१६ मध्ये ‘साऊथ आफ्रिकन नेटिव्ह कॉलेज’ सुरू झाले. तेच पुढे फोर्ट हेअर या नावाने प्रसिद्धीस आले. या संस्थेला केवळ मिशनऱ्यांचे कार्य म्हणणे अपुरे ठरेल. पत्रकार जॉन टेंगो जबावू यांच्यासारख्या आफ्रिकी पुढाऱ्यांनी त्यासाठी अनेक वर्षे खटपट केली होती आणि ट्रान्सकाय व बासुटोलँड येथील आफ्रिकी समाजाने निधी उभारण्यास हातभार लावला होता. अलेक्झांडर कर हे पहिले प्राचार्य आणि जबावू यांचे पुत्र डी. डी. टी. जबावू हे पहिले आफ्रिकी अध्यापक. १९४९ च्या अखेरीस भारतात जागतिक शांततावादी परिषद भरली, तेव्हा डी. डी. टी. जबावू तिला उपस्थित होते. शांतिनिकेतन आणि वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे ही परिषद झाली. या प्रवासाचे वर्णन त्यांनी खोसा भाषेत ग्रंथरूपाने लिहिले. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही नोंद लक्षणीय आहे.

झेड. के. मॅथ्यूज हे फोर्ट हेअरमध्ये शिकून पदवी मिळविणारे पहिले विद्यार्थी. पुढे ते तेथेच प्राध्यापक झाले. गोव्हन म्बेकी, ऑलिव्हर टॅम्बो, नेल्सन मंडेला, रॉबर्ट सोबुक्वे, मांगोसुथू बुथेलेझी हे दक्षिण आफ्रिकेतील, तर बोट्स्वानाचे सेरेत्से खामा, झिम्बाब्वेचे रॉबर्ट मुगाबे आणि युगांडाचे युसूफ लुले हे शेजारील व दूरच्या प्रदेशांतील विद्यार्थी. एका लहान निवासी महाविद्यालयाने अनेक देशांच्या राजकारणाला आकार दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तथापि, मुगाबे यांचे नाव याच यादीत आहे हे विसरता येत नाही. नेतृत्व घडविणारी संस्था त्या नेतृत्वाच्या सदाचाराची हमी देऊ शकत नाही, हेही त्यातून दिसून येते.

विद्यार्थी मंडळ व संघर्ष :

फोर्ट हेअरच्या अभ्यासक्रमात नेतृत्व नावाचा विषय नव्हता. ते शिक्षण वसतिगृहात, वादसभेत आणि विशेषतः विद्यार्थी प्रतिनिधी मंडळात मिळत होते. १९४० मध्ये निकृष्ट भोजन व मंडळाचे अपुरे अधिकार या प्रश्नांवर बहुसंख्य विद्यार्थ्यांनी निवडणुकीवर बहिष्कार टाकला. अल्पमतांनी निवडून आलेल्या मंडेला यांनी राजीनामा दिला. प्राचार्यांनी पद स्वीकारण्याचा आग्रह धरला असता त्यांनी शिक्षण सोडणे पसंत केले. १९४२ मध्ये टॅम्बो यांनाही विद्यार्थी आंदोलनानंतर महाविद्यालय सोडावे लागले. १९४९ मध्ये विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष सोबुक्वे यांनी निरोप समारंभातील भाषणात अशी भूमिका मांडली की, स्टेलेनबॉश विद्यापीठाचे आफ्रिकानर समाजात जे स्थान आहे तेच फोर्ट हेअरचे आफ्रिकी समाजात असावे.

येथे एक विरोधाभास स्पष्ट होतो. ज्या विद्यार्थ्यांना संस्थेने शिस्तभंगासाठी दूर केले, त्यांच्याचमुळे तिची कीर्ती पुढे जगभर झाली. संस्थेने त्यांना मंडळ दिले, परंतु पुरेसे अधिकार दिले नाहीत. त्या अपुरेपणाशी झगडताना प्रतिनिधित्व म्हणजे काय, याचा धडा विद्यार्थ्यांना मिळाला.

वर्णद्वेषी शासनाला या वातावरणाचे सामर्थ्य नेमके उमगले होते. १९५९ च्या कायद्यांनी उच्च शिक्षणात वंशनिहाय विभागणी केली आणि फोर्ट हेअर शासनाच्या ताब्यात घेऊन ते खोसा भाषकांपुरते सीमित केले. तोपर्यंत तेथे भारतीय वंशाचे व मिश्रवंशीय विद्यार्थीही शिकत असत. मॅथ्यूज यांनी निवृत्तीला थोडाच अवधी उरला असताना, निवृत्तिवेतनावर पाणी सोडून राजीनामा दिला. विद्यापीठाची स्वायत्तता ही केवळ प्रशासकीय बाब नसते, हे या घटनेने सिद्ध केले.

स्वातंत्र्योत्तर काळ :

नवस्वतंत्र राष्ट्रांनी विद्यापीठांकडे राष्ट्रउभारणीचे साधन म्हणून पाहिले. युगांडातील मकेरेरे १९२२ मध्ये तंत्रशाळा म्हणून सुरू झाले आणि १९७० मध्ये स्वतंत्र विद्यापीठ बनले. टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे हे तेथीलच विद्यार्थी. १९६६ मध्ये दार-एस-सलाम येथील विद्यार्थ्यांनी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेस विरोध केला, तेव्हा न्येरेरे यांनी शेकडो विद्यार्थ्यांना घरी पाठविले आणि स्वतःच्या वेतनातही कपात केली. पदवी म्हणजे विशेषाधिकार नव्हे, अशी त्यांची धारणा होती. मात्र विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांशी नवे राज्यकर्तेही जुन्यांप्रमाणेच वागू शकतात, हेही त्याच प्रसंगातून दिसले.

या काळातील बहुतेक पदवीधर शासकीय सेवेत सामावले जात. १९८० च्या दशकात कर्जबाजारीपणामुळे आर्थिक पुनर्रचनेचे कार्यक्रम आले, नोकरभरती आटली आणि जागतिक बँकेनेही उच्च शिक्षणापेक्षा प्राथमिक शिक्षणास प्राधान्य दिले. ग्रंथालये ओस पडली, अध्यापकांनी परदेशाची वाट धरली. २००० मध्ये जागतिक बँक व युनेस्को यांनी नेमलेल्या कृतिगटाने विकसनशील देशांतील उच्च शिक्षणाकडे झालेले दुर्लक्ष अधोरेखित केले. पदवीधराने नोकरी मागण्याऐवजी उद्योग उभारावा, हा विचार या पार्श्वभूमीवर बळावला.

अशेसी व नवे प्रयोग :

घानाचे पॅट्रिक अवुआ यांनी अमेरिकेत शिक्षण घेऊन मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी केली. मायदेशी परतून त्यांनी २००२ मध्ये आक्रा येथे भाड्याच्या घरात ३० विद्यार्थ्यांसह अशेसी ही संस्था सुरू केली. अकान भाषेत अशेसी म्हणजे आरंभ. २०११ मध्ये संस्था बेरेकुसो येथील स्वतःच्या परिसरात गेली, २०१५ मध्ये अभियांत्रिकी शिक्षण सुरू झाले आणि २०१८ मध्ये तिला विद्यापीठाची सनद मिळाली. संगणकशास्त्र व व्यवसाय प्रशासनाबरोबर मानव्यविद्या, नीतिविचार आणि समाजसेवा यांचा तेथील शिक्षणात समावेश आहे. २००८ मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः मतदानाने सचोटीची संहिता स्वीकारली. तिच्यानुसार परीक्षा पर्यवेक्षकांविना होतात आणि गैरप्रकार उघड करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांवरच असते. भ्रष्टाचाराने ग्रासलेल्या समाजव्यवस्थेला हे दिलेले छोटे, पण थेट उत्तर होय.

फ्रेड स्वानिकर यांच्या पुढाकाराने मॉरिशस (२०१५) व रवांडा (२०१७) येथे सुरू झालेल्या आफ्रिकन लीडरशिप युनिव्हर्सिटीनेही असाच मार्ग धरला. तेथे विद्यार्थी विषयाऐवजी सोडवावयाची समस्या निवडतो.

या प्रयोगांची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. खासगी विद्यापीठाचे शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते, त्यामुळे शिष्यवृत्तीवर व देणगीदारांवर मोठा भार पडतो. फोर्ट हेअरसाठी ग्रामीण आफ्रिकी समाजाने पदरमोड केली होती. नव्या संस्थांचा पाया मुख्यतः परदेशी दातृत्वाचा आहे. दातृत्व आटल्यास प्रवेशाचे दार कोणासाठी उघडे राहील, हा प्रश्न गंभीर आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, फोर्ट हेअरचे विद्यार्थी मंडळ आणि अशेसीची संहिता यांत काळाचे अंतर असले, तरी दोहोंचे मर्म एकच आहे : विद्यार्थ्यावर खरी जबाबदारी येते तेथेच नेतृत्व घडते. दुसरी, संस्थेची स्वायत्तता गेली की हे वातावरण लोप पावते, मग ती शासनाने हिरावलेली असो वा आर्थिक परावलंबनाने. तिसरी, उद्योजकतेचे शिक्षण नागरिकत्वाच्या शिक्षणाला पर्याय ठरू शकत नाही. ज्या विद्यापीठाला नेते हवे आहेत, त्याने आपल्याशी असहमत होणाऱ्या विद्यार्थ्यालाही स्थान दिले पाहिजे. फोर्ट हेअरच्या इतिहासाने दिलेला हा धडा केवळ आफ्रिकेपुरता नाही.