पांढरी, पेव आणि पुराचे पाणी

परभणीहून औंढा नागनाथमार्गे हिंगोलीस जाताना वाटेत जवळा बाजार लागतो. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव परभणीत मोडे, आणि सप्टेंबर 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. परंतु अंमल कोणाचाही असो, गावाच्या भूमीची काळी आणि पांढरी अशी जी वाटणी महसुली दप्तरांत रूढ झाली, ती मुळात पाण्यानेच करून दिली होती, असे मला वाटते. पाणी धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी काळी नांगरासाठी. आणि पडक्या भिंतींच्याच मातीने पिढ्यान्‌पिढ्या उंच होत गेलेली, पाणी निथळू देणारी पांढरी राहण्यासाठी.

पूर्णा नदीचा पूर क्वचित येई, धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, गळती मात्र दरसाल ठरलेली. म्हणून घरधन्याची खरी तयारी माथ्यावरून सुरू होई. मृग लागण्यापूर्वी धाब्यावर चढून उंदरांची बिळे बुजवावीत, पांढऱ्या मातीचा नवा थर चोपून बसवावा, पन्हाळीत अडकलेला पालापाचोळा काढावा. एवढे करूनही आठवडाभर झड लागली म्हणजे घरातील परात, घागर, तांब्या अशी सारी भांडी ठिबकणाऱ्या जागा पाहून मांडावी लागत, आणि रात्री आवाजावरूनच कोणते भांडे भरत आले हे गृहिणीस अंथरुणातून कळे.

पण घराचा प्राण जमिनीखाली, पेवात असे. पांढरीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असा तो खड्डा कडब्याने व भुशाने आतून मढवून त्यात ज्वारी भरीत आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकीत. पुढे उघडल्यावर आत कोंडलेल्या वायूने माणूस दगावू नये म्हणून प्रथम दिवा सोडून पाहत. तो विझला तर थांबायचे. वरून पाणी साचले आणि लिंपण उकलले, की वर्षाची बेगमी एका रात्रीत आंबट वासाची होऊन जाई. ‘पेव फुटले’ हा वाक्प्रचार आज आपण कशाच्याही सुळसुळाटासाठी खुशाल वापरतो. ज्याचे पेव खरोखर ओलावले, त्याला त्यात समृद्धी दिसली नसती.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीने निजामाची राजधानी हैदराबाद बुडविली, तेव्हा दरबाराने विश्वेश्वरय्यांस पाचारण केले आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. राजधानीच्या नशिबी असा स्थापत्यविशारद आला. खेड्यांच्या नशिबी पटवारी आणि फार तर तगाईची दरख्वास्त. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे 1968 च्या सुमारास पुरी झाली, तेव्हा पुराचे स्वरूपच पालटले: नदीच्या लहरीबरोबर दरवाजे किती उघडणार याचीही विचारपूस नदीकाठची माणसे करू लागली. कालव्याने काळी भिजली, रस्त्यांनी व्यापार ओढला, आणि ज्या पांढरीने इतकी वर्षे तारले ती सोडून या भागातील घरे हळूहळू सडकेच्या सखल कडेला उतरली; नव्या सिमेंटच्या घरास धाब्याची गळती ठाऊक नसते, परंतु उंबरठ्यावरून आत शिरणारे पाणी ठाऊक असते.

पाणी ओसरले की पंचनामा येतो. भिंत अंशतः पडली की पूर्णतः, हे त्यात लिहिता येते. ज्वारीस वास लागला, हे कोणत्या रकान्यात लिहावे? पूर्वी ओले धान्य आश्विनातल्या उन्हात त्याच गळक्या धाब्यावर पसरीत. घरातील वडीलधारी बाई वर बसून मुठीमुठीने दाणा नाकाशी नेई, कोंब फुटलेला गुरांच्या वाट्यास, बुरसटलेला उकिरड्यावर, आणि उरलेला सुपात. खाली अंगणात गाळ खरवडणारे फावडे तोवर थांबत नसे.