तीन मुली आणि त्यांचे प्रेक्षक

चित्रकलेचा इतिहास आपण बहुधा चित्रकारांचा इतिहास म्हणून वाचतों. कोणतें चित्र कोणीं व कोणत्या सालीं काढलें, त्याचा गुरु कोण, त्याचा संप्रदाय कोणता, हें सारें ग्रंथांतून नमूद असतें. परंतु तें चित्र प्रथम भिंतीवर टांगलें गेलें तेव्हां त्याच्यापुढें कोण उभें होतें, आणि तें पाहून त्या माणसांना काय वाटलें, याची चौकशी क्वचितच होते. जुन्या चित्राकडे आपण आदरानें पाहतों. आपल्याच काळांतील चित्रकाराच्या चित्राकडे मात्र शेजाऱ्यानें बांधलेल्या नव्या घराकडे पाहावें तसें पाहतों आणि मत तत्काळ देऊन मोकळे होतों. अशा तत्काळ दिलेल्या मतांवरून चित्राची किंमत ठरत नाहीं. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना कोणती सवय होती, तें मात्र पक्कें कळतें. हीच गोष्ट आज एका उदाहरणानें आपणांपुढें मांडणार आहें. उदाहरण आहे अमृता शेरगिल यांचें.

अमृताबाईंचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजीं बुडापेस्ट येथें झाला. वडील उमरावसिंग हे पंजाबांतील मजिठिया घराण्यांतले शीख सरदार आणि संस्कृत व फारसीचे व्यासंगी. आई हंगेरियन, गानविद्येंत निपुण. १९२१ सालीं हें कुटुंब सिमल्यास येऊन राहिलें. वयाच्या सोळाव्या वर्षीं अमृताबाई पॅरिसला गेल्या, आणि तेथील प्रसिद्ध कलाशाळेंत त्यांनीं रीतसर शिक्षण घेतलें. १९३२ मध्यें काढलेल्या त्यांच्या ‘तरुण मुली’ या चित्राला पुढील वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें. इतकें यश पदरांत असतांना त्या १९३४ च्या अखेरीस हिंदुस्थानांत परत आल्या आणि मनुष्याकृतीच रंगवूं लागल्या; परंतु त्या मनुष्याकृति आतां सिमल्याच्या आसपासच्या गरीब पहाडी लोकांच्या होत्या. ‘पहाडी पुरुष’, ‘पहाडी स्त्रिया’, ‘तीन मुली’ हीं चित्रें १९३५ सालचीं.

आतां क्षणभर त्या काळच्या प्रेक्षकाच्या जागीं उभे राहूं. त्याच्या डोळ्यांना काय पाहण्याची सवय होती? आपल्या मध्यमवर्गीय घरांत राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी होत्या. १८९४ सालीं मुंबईंत निघालेला आणि पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेलेला त्यांचा छापखाना अशा तसबिरी घरोघर पोंचवीत होता. गौर वर्ण, भरजरी वस्त्रें, दागिन्यांची लकाकी आणि मुखावर प्रसन्नता, ही आपली सुंदर चित्राची व्याख्या झाली होती. मासिकें वाचणाऱ्या वर्गाला बंगाली संप्रदायाचीं धूसर रंगांतील पौराणिक चित्रेंहि परिचयाचीं झालीं होतीं. सिमल्यांतील इंग्रज अंमलदारांची आवड निराळी. त्यांना हिमशिखरें, देवदार आणि रंगीबेरंगी बाजार यांचीं देखणीं दृश्यें हवीं असत. या तिन्ही तऱ्हांच्या डोळ्यांपुढें अकस्मात् आलीं तीं काळ्यासांवळ्या, हडकुळ्या, स्तब्ध उभ्या राहिलेल्या माणसांचीं मोठमोठीं चित्रें. त्यांत कथा नव्हती, दागिना नव्हता आणि हास्यहि नव्हतें.

पहिला झगडा सिमल्यासच उडाला. १९३५ सालीं तेथील कलासंस्थेच्या प्रदर्शनाकडे अमृताबाईंनीं दहा चित्रें पाठविलीं. परीक्षकांनीं त्यांतलीं पांच परत केलीं, आणि स्वीकारलेल्या पांचांपैकीं एकाला बक्षीस जाहीर केलें. अमृताबाईंनीं तें बक्षीस संस्थेकडे परत धाडलें. वय अवघें बावीस. कोणी याला अहंकार म्हणतील, आणि त्यांच्या स्वभावांत तो नव्हता असें मीहि म्हणणार नाहीं. परंतु परीक्षकांनीं काय केलें तें पहा. ज्यांत त्यांच्या ओळखीचें कांहीं होतें त्याचा त्यांनीं गौरव केला, आणि ज्यांत अनोळखी होतें तें दाराबाहेर ठेवलें. बक्षीस आणि नकार हीं दोन्ही एकाच डोळ्यानें दिलेलीं होतीं.

पुढील वर्षीं, म्हणजे १९३६ च्या नोव्हेंबरांत, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें. या मुंबईच्या मुक्कामांत त्यांना एक खरा जाणता प्रेक्षक भेटला. कार्ल खंडालावाला हे पेशानें कायदेपंडित आणि वृत्तीनें कलेचे अभ्यासक. त्यांनीं या चित्रांचें मर्म ओळखलें, आणि उभयतांचा स्नेह अमृताबाईंच्या अखेरपर्यंत टिकला. मुंबईहून त्या अजिंठा आणि वेरूळ येथें गेल्या. तेव्हां हीं लेणीं निजामच्या राज्यांत होतीं. अजिंठ्याच्या भिंतीवरील सांवळ्या, भरीव, धीरगंभीर आकृति पाहून त्यांच्या कलेला नवें वळण लागलें, हें सर्वमान्य आहे. मला यांत विशेष हें वाटतें कीं, ज्या प्रेक्षकांना अमृताबाईंचीं सांवळीं माणसें परकीं वाटलीं, त्यांच्याच देशांत दीड हजार वर्षांपूर्वीं राजकन्या आणि बोधिसत्त्व सांवळे रंगविलेले होते. आपलीच जुनी ओळख आपण विसरलों होतों, आणि ती करून देणाऱ्या बाईला परकी समजत होतों.

१९३७ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीनें ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलें. हें चित्र आपण छापील रूपांत तरी पाहिलें असेल. तीन तरुण मुली एकमेकींजवळ बसल्या आहेत. परंतु एकीची दृष्टि दुसरीकडे नाहीं, आणि आपल्याकडेहि नाहीं. मागें घर नाहीं, झाड नाहीं, नुसता रंग आहे. त्या कशाची तरी वाट पाहत असाव्यात, आणि जें यावयाचें आहे त्यांत त्यांच्या इच्छेला विचारलेलें नसावें, असें पाहणाऱ्याला वाटत राहतें. सिमल्याच्या तुलनेनें मुंबईच्या परीक्षकांचा येथें मान राखला पाहिजे. तथापि मुंबईकर म्हणून आपण फार फुगून जाण्याचें कारण नाहीं. पदक मिळालें, परंतु गिऱ्हाइकांची रीघ लागली नाहीं. अमृताबाईंच्या हयातींत त्यांचीं चित्रें थोडींच विकलीं गेलीं. चित्राला पदक देणें ही एक गोष्ट. तें आपल्या दिवाणखान्यांत टांगून रोज त्या तीन मुलींसमोर जेवावयास बसणें ही दुसरी.

याच प्रवासांत हैदराबादेस एक प्रसंग घडला. तेथील नबाब सालारजंग हे मोठे संग्राहक. त्यांनीं अमृताबाईंचीं दोन चित्रें निवडून कांहीं काळ ठेवून घेतलीं आणि अखेर परत केलीं. असली नवी तऱ्हा त्यांना रुचली नाहीं. या गोष्टीवरून नबाबसाहेबांची थट्टा करण्याची पद्धत आहे. परंतु त्यांच्या संग्रहाचें १९५१ सालीं संग्रहालय झालें, आणि हैदराबादेस जाणारा प्रत्येक मनुष्य तें पाहून येतो. झिरझिरीत बुरख्याआडचा चेहरा दिसल्याचा भास करून देणारा तेथील संगमरवरी पुतळा आपण पाहिला आहे काय? दगडाचें वस्त्र व्हावें, हा त्या हस्तकौशल्याचा चमत्कार. ज्या डोळ्यांना अशा चमत्काराची गोडी, त्यांना अमृताबाईंचे सपाट रंग आणि साध्या रेषा उणीव म्हणून दिसल्या, यांत नवल नाहीं. शिवाय इतिहास शिकविणाऱ्यानें एक सावधगिरी बाळगावी लागते. ही हकीकत आपणांस मुख्यतः अमृताबाईंच्या बाजूनें कळते. नबाबांनीं तीं दोन चित्रें भिंतीशीं टेकवून किती वेळ पाहिलीं, आणि परत करतांना त्यांच्या मनांत काय आलें, याची साक्ष द्यावयास कोणी उरलेलें नाहीं.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लाहोरच्या फॅलेटी हॉटेलांत त्यांचें प्रदर्शन झालें आणि तेथें मात्र त्यांचें उत्तम स्वागत झालें. डॉ. चार्ल्स फाब्री यांच्यासारख्या जाणकार टीकाकारानें त्यांची बाजू उचलून धरली. म्हणजे अवघ्या दोनतीन वर्षांत एकाच चित्रकर्त्रीला सिमल्यास नकार, मुंबईस पदक, हैदराबादेस परतीची वाट आणि लाहोरास शाबासकी मिळाली.

प्रतिकूल प्रेक्षकांचा आक्षेप थोडक्यांत असा होता : जगांत दुःख पुष्कळ आहे, तें चित्रांत पुन्हां कशाला? आणि कुरूप माणसें रंगवून कलेचें कोणतें हित साधतें? हा आक्षेप मूर्खपणाचा म्हणून झिडकारूं नये. दिवसभर राबून घरीं आलेल्या माणसानें भिंतीवर एखादी प्रसन्न मूर्ति मागितली तर तो गुन्हा नव्हे. परंतु ‘कुरूप’ हा शब्द कोणाला उद्देशून वापरला जात होता, हें पाहिलें म्हणजे मान खालीं जाते. तीं माणसें कुरूप नव्हतीं. तीं गरीब आणि काळीं होतीं. असल्या चेहऱ्यांचीं माणसें प्रेक्षकांच्या घरीं पाणी भरीत होतीं, ओझीं वाहत होतीं. त्यांच्याकडे रोज पाहूनहि न पाहण्याची संवय झालेल्या मंडळींना तींच माणसें मोठ्या आकारांत, चौकटींत, समोर उभीं केलेलीं सहन झालीं नाहींत. आणि ज्यांचीं हीं चित्रें होतीं, ते पहाडी लोक स्वतः त्या हॉटेलांच्या दालनांत प्रेक्षक म्हणून आले असतील असें संभवत नाहीं. प्रेक्षकांच्या इतिहासांतलें हें सर्वांत मोठें कोरें पान आहे.

५ डिसेंबर १९४१ रोजीं लाहोर येथें अल्पशा आजारानें अमृताबाईंचा अंत झाला. वय अठ्ठावीस. ज्या प्रदर्शनाची त्या तयारी करीत होत्या तें त्यांच्या पश्चात् त्याच महिन्यांत भरलें. पुढची कथा सर्वश्रुत आहे. १९५४ सालीं दिल्लीस राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय स्थापन झालें, आणि त्यांच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह आज तेथेंच आहे. १९७६ मध्यें सरकारनें त्यांचीं चित्रें राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलीं. १९७८ मध्यें ‘पहाडी स्त्रिया’ टपालाच्या तिकिटावर आल्या. २०२३ च्या सप्टेंबरांत त्यांचें ‘कथा सांगणारी’ हें १९३७ सालचें चित्र ६१ कोटि ८० लक्ष रुपयांस विकलें गेलें, आणि भारतीय चित्रास तोंपर्यंत मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत ठरली. ही किंमत ऐकून आपण आज तोंडांत बोट घालतों. परंतु श्रोतेहो, हीहि एक प्रतिक्रियाच आहे, आणि तींत पाहणें कितपत आहे याची मला शंका वाटते. पूर्वीं लोक चेहरे पाहून मान फिरवीत. आतां आंकडा ऐकून मान डोलावितात. दोन्ही वेळां त्या तीन मुलींकडे पाहावयाचें राहून जातें.

हें मी दुसऱ्यांस सांगतों आहें, परंतु या बाबतींत मी स्वतःहि स्वच्छ नाहीं. शिक्षकी पेशांतील माझ्या आरंभींच्या वर्षांत एकदां मीं ‘पहाडी स्त्रिया’ या चित्राची मासिकांतून कापलेली प्रत वर्गांत लावली, आणि मुलांना दहा ओळी वर्णन लिहावयास सांगितलें. बहुतेकांनीं निसर्गाची शोभा, पहाडी जीवनाचा साधेपणा, रंगांची मोहकता असें ठराविक लिहिलें, आणि मीं सढळ हातानें गुण दिले. एका मुलानें दोनच ओळी लिहिल्या होत्या : “ह्या बायका दमल्या आहेत. चित्र काढणाऱ्यानें त्यांना बसा म्हटलें नाहीं.” त्याची आई मोलमजुरी करीत असे, हें मला ठाऊक होतें. तरीहि मीं तांबड्या शाईनें ‘सौंदर्याचा उल्लेख नाहीं’ असा शेरा मारून दहांपैकीं दोन गुण दिले. पुढें कित्येक वर्षांनीं दिल्लीस मूळ चित्रांसमोर उभा राहिलों तेव्हां मला कोणत्याहि टीकाकाराचें वाक्य आठवलें नाहीं. त्या दोन ओळी आठवल्या. वर्गांतल्या चाळीस मुलांत चित्र पाहिलें होतें तें त्या एकानेंच, आणि परीक्षक म्हणून मी सिमल्याच्या मंडळींहून तिळभरहि निराळा नव्हतों.

म्हणून आपणांस विनंति एवढीच. आजहि आपल्या गांवीं हयात चित्रकारांचीं प्रदर्शनें भरतात, आणि त्यांत आपल्यासारखींच माणसें रंगविलेलीं असतात. मुलांना घेऊन अवश्य जा. चित्र आवडलें कीं नाहीं हें त्यांना लगेच विचारूं नका. चित्रांत काय दिसलें तें विचारा, आणि जें उत्तर येईल तें दुरुस्त करण्याची घाई करूं नका. मला ती घाई नडली.